पदवी तिकडची, प्रश्न कोणाचा?

मार्च महिना आला की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एका निराळ्याच निकालाची वाट पाहिली जाते. हा निकाल बहुधा अपरात्री येतो, कारण तिकडे तेव्हा दिवस असतो. पहाटेपर्यंत नातेवाइकांत बातमी पसरते आणि संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन वडील दारात उभे राहतात. मुलाला किंवा मुलीला अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळालेला असतो. आनंदाचीच गोष्ट आहे. पण पेढा तोंडात टाकून आपण सहज विचारावे की संशोधन कोणत्या विषयावर करणार, तर सद्गृहस्थ किंचित गोंधळतात. विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे, तेथे बर्फ किती पडतो, मराठी कुटुंबे किती आहेत, गणेशोत्सव कोणत्या सभागृहात होतो, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. विषयाचे नाव मात्र "काहीतरी बायोमधले आहे" यापलीकडे जात नाही.

गेल्या पंधरवड्यात असाच एक प्रसंग माझ्यावर आला, पण तो थोडा वेगळा होता. सोलापूरचे एक जुने कार्यकर्ते, बँकेतून निवृत्त झालेले, मुलीला घेऊन घरी आले. मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिच्या हातात दोन पत्रे होती. एक अमेरिकेतल्या विद्यापीठाचे, दुसरे आपल्याच देशातल्या एका नामांकित संस्थेचे. अमेरिकेतील विद्यापीठांना १५ एप्रिलपर्यंत होकार वा नकार कळवायचा असतो. वडिलांनी मला विचारले, "मुलीला जाऊ द्यावे का? आयुष्यभर शाखेत राष्ट्रकार्याच्या गोष्टी केल्या, आणि आता आपलीच पोर बाहेर पाठवायची, हे मनाला पटत नाही. आणि अडवणेही पटत नाही." मी कला शाखेचा पदवीधर. प्रयोगशाळेची पायरी मी फक्त मुलाखती घेण्यापुरती चढलो आहे. म्हणून मी मुलीलाच विचारले, "तुझा प्रश्न काय आहे?"

ती म्हणाली, "काका, रब्बीची ज्वारी."

मग अर्धा तास ती बोलली. आपल्या सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी पावसावर येत नाही. पाऊस संपल्यावर काळ्या जमिनीत जी ओल उरते, तेवढ्यावर ती वाढते आणि दाणा भरताना नेमकी ओल संपत आलेली असते. काही वाणांची पाने त्या ताणातही हिरवी राहतात, काहींची करपतात. हे का होते, या प्रश्नावर अमेरिकेत काही दशके काम झाले आहे. ज्वारीचा संपूर्ण जनुकीय नकाशा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही अमेरिकन प्रयोगशाळांचा वाटा मोठा. पण तिकडची ज्वारी बुटकी, यंत्राने कापायची, मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी आणि इथेनॉलसाठी. भाकरी आणि कडबा ही जोडी त्यांच्या हिशेबातच नाही. आपल्या मालदांडीचे, मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्यापूर्वी निवडून काढलेल्या त्या ३५-१ वाणाचे, मोल या दोन्हींमुळे आहे.

इतके स्पष्ट उत्तर मी पेढे वाटणाऱ्या कोणत्याही घरात ऐकले नव्हते. आणि ते ऐकताना माझ्या लक्षात आले की जावे की न जावे हा वाद आपण चुकीच्या जागी घालत आहोत.

आपल्या परंपरेला परदेशगमनाचे वावडे नाही. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर १९१४ मध्ये वनस्पतिशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. स्थानबद्धता सोसूनही त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट १९१९ मध्ये मिळवली, परत येऊन कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले आणि १९४६ मध्ये पुण्यात विज्ञानवर्धिनी उभी केली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनमध्ये पाठचिकित्सेचे शास्त्र शिकले आणि भांडारकर संस्थेत येऊन ते महाभारताला लावले. त्यांनी पायाभूत पद्धत घालून दिलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. जयंतराव नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉइल यांच्यासारख्या विख्यात शास्त्रज्ञाचे सहकारी म्हणून जगभर नाव झाल्यावर १९७२ मध्ये परतले. १९८८ मध्ये स्थापन झालेली आयुका त्यांच्यामुळे पुण्यात उभी राहिली. गोविंद स्वरूप स्टॅनफर्डहून आले म्हणून नारायणगावजवळच्या खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ज्या बोटीतून त्यांची पुस्तके येत होती ती जर्मन पाणबुडीने बुडवली. पुन्हा पैसे जमवून ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांच्या लंडनच्या प्रबंधाचा विषय पाहा: रुपयाचा प्रश्न. साम्राज्याच्या राजधानीत बसून, साम्राज्याच्याच ग्रंथालयांतली कागदपत्रे वापरून, साम्राज्याच्या हिंदुस्थानातील चलनविषयक धोरणाची त्यांनी झडती घेतली. अवजारे त्यांची होती, प्रश्न आपला होता.

या सर्वांत समान काय? ते परत आले, असे आपण म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. परत येणे हा परिणाम होता. जाताना त्यांच्या गाठीला प्रश्न होता, म्हणून त्यांना परतीचा रस्ता ठाऊक होता. आज जे हजारो तरुण विमानात बसतात त्यांच्यापैकी किती जणांच्या गाठीला असा प्रश्न असतो? २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ६३ हजारांवर होती, सर्व देशांत सर्वाधिक. यातले बहुसंख्य एम.एस. वगैरे पदव्यांसाठी, कर्ज काढून गेलेले. पीएच.डी.वाले त्या मानाने थोडे. पण त्या थोड्यांतही अनेकांना पदवी हवी असते ती तिकडे राहण्याचा सन्माननीय मार्ग म्हणून. 'सेटल होणे' हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! संशोधकाने सेटल व्हावे, ही कल्पनाच मला विनोदी वाटते.

तो मार्गही आता किती अरुंद झाला आहे, हे पालकांनी डोळसपणे पाहावे. २०२५ या एका वर्षात काय घडले? वर्षाच्या आरंभी अमेरिकन सरकारने युसेड ही मदतसंस्था गुंडाळायला घेतली आणि तिच्या पैशांवर विद्यापीठांत चालणाऱ्या कृषिसंशोधन प्रयोगशाळांना टाळी लागू लागली. संशोधन अनुदानांना कात्री लागली, काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा घटवल्या, एका वैद्यकीय विद्यापीठाने तर दिलेले प्रवेश मागे घेतले. मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या गेल्या आणि जूनमध्ये सुरू झाल्या त्या समाजमाध्यमांवरील खात्यांच्या तपासणीची अट घालूनच. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांचे वास्तव्य चार वर्षांपुरते बांधून टाकण्याचा प्रस्ताव आला. पीएच.डी.ला तिकडे पाच-सहा वर्षे लागतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. आणि ग्रीन कार्डची रांग तर कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याच्या जुन्या नियमामुळे आधीपासूनच अशी लांबली आहे की रांगेत उभा असलेला माणूस निवृत्तीचे वय गाठेल.

हे वाचून कोणी म्हणेल, बरे झाले, आता येतील परत! मला असला आनंद होत नाही. दार तोंडावर आपटले म्हणून घरी आलेला माणूस आणि घर आठवले म्हणून आलेला माणूस यांत फरक असतो.

आपल्या विचारपरिवारातल्या काही मंडळींचा दुसरा सूर असतो: कशाला जायचे? येथे काय कमी आहे? या सुरात राष्ट्रभक्ती असेल, पण माहिती नाही. पू. श्रीगुरुजी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मद्रासला संशोधनासाठी गेले होते आणि आर्थिक अडचणीमुळे त्यांना ते अर्धवट सोडावे लागले, ही गोष्ट आपण बौद्धिकांत सांगतो. तेव्हा देश परतंत्र होता. आज स्वतंत्र देशातल्या संशोधक विद्यार्थ्याची स्थिती काय आहे? १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन दरमहा ३७ हजार रुपये झाले, ही वाढ स्वागतार्ह. पण ते दरमहा हातात पडते का? सोलापूरच्या त्या मुलीला देशातल्या ज्या संस्थेने बोलावले आहे, तेथील आधीच्या विद्यार्थ्यांकडे तिने चौकशी केली. पाच महिने पैसे नव्हते. एकाने घरून पैसे मागवले, एकाने शिकवण्या घेतल्या, एकाने संशोधन सोडून बँकेची परीक्षा दिली.

पदवी हाती आल्यावर काय? आपल्या महाराष्ट्रात डॉक्टरेट झालेली माणसे तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने मजुरी घ्यावी तशी, वर्षानुवर्षे शिकवत आहेत. मंजूर पदे रिकामी आहेत. देशाच्या सकल उत्पन्नापैकी संशोधनावर आपण २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के खर्च केला. चीनचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरियाचे पाच टक्क्यांच्या आसपास. केंद्रात २०१४ पासून आपल्या विचारांचे शासन आहे, म्हणून हा आकडा झाकून ठेवण्याचे कारण नाही. उलट म्हणूनच तो अधिक मोठ्याने सांगितला पाहिजे. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, २०२५ मध्ये एक लाख कोटींची संशोधन योजना मंजूर झाली, हजारो संस्थांना परदेशी नियतकालिके एकाच वर्गणीत खुली करण्याचा चांगला निर्णय झाला. हे सारे मी जाणतो. पण २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आपल्याच प्रस्तावावरून साजरे झाले, संसदेत खासदारांनी ज्वारी-बाजरीचे भोजन केले, 'श्रीअन्न' असे सुंदर नाव आपण दिले, आणि त्याच श्रीअन्नावर आयुष्य वेचू इच्छिणाऱ्या मुलीला पाच महिन्यांच्या थकबाकीची बातमी ऐकावी लागते, याचे काय?

याबाबत हरगोविंद खोराना यांची कथा सांगितली की सभेत नेहमी शांतता पसरते. लिव्हरपूलची डॉक्टरेट आणि झ्युरिकचा अनुभव घेऊन हा पंजाबी तरुण १९४९ मध्ये स्वतंत्र भारतात परतला होता. होय, परतला होता. त्याला नोकरी मिळाली नाही. तो पुन्हा गेला आणि १९६८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवले ते अमेरिकन नागरिक म्हणून. 'ब्रेन ड्रेन'वर व्याख्याने झोडणाऱ्यांनी हे १९४९ साल आधी लक्षात ठेवावे.

मानव्यशास्त्रांबाबत माझे मत अधिक कडक आहे, कारण तेथे यंत्रसामग्रीची सबब चालत नाही. एके काळी आपला कापूस मँचेस्टरला जाई आणि कापड होऊन आपल्यालाच विकला जाई. आज आमची पोथी, आमची वारी, आमची जातपात, आमच्या आयाबायांच्या ओव्या हा कच्चा माल अमेरिकेतल्या दक्षिण आशिया विभागांत जातो. निष्कर्षाचा साचा तेथे आधीच तयार असतो, तरुण संशोधकाने त्यात भर घालायची एवढेच. साच्याबाहेरचा प्रश्न विचारला तर मार्गदर्शकाचा चेहरा बदलतो, आणि मार्गदर्शकाच्या शिफारसपत्रावर पुढची नोकरी अवलंबून असते. सुकथनकरांनी पद्धत आणली, साचा आणला नाही. आणि साच्याला नकार देता येतो, हे इरावतीबाई कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये दाखवून दिले होते. गोऱ्यांच्या आणि इतरांच्या कवट्यांतील विषमतेवरून वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त पुष्ट व्हावा, अशी मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा. बाईंनी मोजमापे घेतली आणि तसा कोणताही फरक दिसत नाही, असे मार्गदर्शकाला न रुचणारे निष्कर्ष लिहून दिले. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी पणाला लावून!

मात्र याच कारणाने २०२२ मध्ये केंद्राने केलेला एक नियम मला अर्धाच पटतो. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. भारताचा अभ्यास भारतातच व्हावा हा हेतू उत्तम. पण श्रीमंताचा मुलगा स्वतःच्या पैशाने तेच विषय घेऊन जाणार आणि साचा उचलून आणणार. अडवला जाणार तो फक्त गरिबाचा मुलगा, ज्याच्यापाशी कदाचित स्वतःचा प्रश्न असेल. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातींवर होता. हा नियम तेव्हा असता तर?

कोणी म्हणतील, ज्ञानाला देश नसतो. नसेल. पण अनुदानाला असतो. विज्ञानातला पीएच.डी.चा विद्यार्थी अमेरिकेत सहसा स्वतःच्या पैशाने शिकत नाही. शुल्क माफ होते आणि निर्वाहापुरते विद्यावेतन मिळते. हा पैसा पुष्कळदा मार्गदर्शकाला मिळालेल्या अनुदानातून येतो आणि त्या अनुदानाच्या अर्जात प्रश्न आधीच लिहिलेला असतो. (ज्या पीएच.डी.साठी घर गहाण ठेवावे लागते, त्या प्रवेशाचे पेढे न वाटलेलेच बरे.) म्हणून जाणाऱ्याने पहिली चौकशी विद्यापीठाच्या क्रमांकाची करू नये. मार्गदर्शकाचे अनुदान कोणाचे, किती वर्षांचे, आणि त्यात माझ्या प्रश्नाला जागा किती, हे विचारावे. त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पत्रे लिहून विचारावे की त्यांना किती वर्षे लागली आणि त्यांपैकी कोणी मधेच सोडले का. लग्न झालेल्यांनी हेही विचारावे की पती वा पत्नीला तेथे काम करता येते का. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ती परवानगी नाही, आणि या एका कलमाने किती सुशिक्षित मुली स्वयंपाकघरात बसल्या आहेत, हे त्यांच्या आयांना विचारा. फक्त अमेरिकाच का, हेही विचारावे. जर्मनीत डॉक्टरेटचे विद्यार्थी बहुधा करारावरचे पगारी संशोधक असतात आणि आघारकर-इरावतीबाईंचा तो देश आपल्याला अनोळखी नाही.

हे मी त्या बापलेकींशी बोललो. पित्याची अडचण तरीही सुटली नव्हती. ते म्हणाले, "पण ती परत आली नाही तर?" मी त्यांना श्यामजी कृष्ण वर्मांची आठवण दिली. १९०५ मध्ये त्यांनी हिंदी तरुणांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या तेव्हा अट घातली होती की घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची चाकरी करायची नाही. लोकमान्यांच्या शिफारशीने १९०६ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकर लंडनला गेले ते अशाच शिष्यवृत्तीवर, आणि परीक्षा उत्तीर्ण होऊनही ग्रेज इनने त्यांना सनद दिली नाही. अट घालणारा आणि अट पाळणारा, दोघांनाही ठाऊक होते की शिक्षण कशासाठी आहे. वडिलांनी मुलीला परतीची शपथ घालण्यात अर्थ नाही. तिच्या प्रश्नाला येथे जमीन मिळेल, यासाठी आपण काय करणार, हे आपल्या बैठकांत कधी विषयपत्रिकेवर आले आहे का? गावोगावी आपले कार्यकर्ते विद्यापीठांच्या अधिसभांवर आहेत, व्यवस्थापन परिषदांवर आहेत. रिक्त पदांचा आणि थकलेल्या विद्यावेतनाचा ठराव त्यांनी किती वेळा मांडला?

मुलीने तिकडच्या प्राध्यापकांना पत्र लिहून सरळ विचारले: प्रबंधातला एक भाग रब्बी ज्वारीवर करता येईल का? त्यांचे उत्तर प्रामाणिक होते. अनुदान इथेनॉलच्या ज्वारीसाठी आहे, ते २०२७ पर्यंत पुरेल, पुढचे सांगता येत नाही; पण एका प्रकरणापुरती मालदांडी घेता येईल, बियाणे तू आणत असशील तर.

ते बियाणे बॅगेत टाकून नेता येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे त्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची संमती लागते. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली लढून १९९७ मध्ये ते रद्द करवून घ्यावे लागले, तेव्हा आपल्याला अशा कायद्याची गरज उमगली. मुलीला हे ठाऊक नव्हते. पत्र वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले की संमतीच्या अर्जावर बियाण्याचा मालक म्हणून कोणाचे नाव लिहायचे असते, माझे की विद्यापीठाचे.

परवा तिच्या वडिलांचा दूरध्वनी आला. उत्तर कळवायला आठ दिवस उरले आहेत आणि मुलगी मोहोळच्या केंद्रावर गेली आहे. देशातल्या संस्थेलाही तिने एक पत्र टाकले आहे, थकलेले विद्यावेतन केव्हा देणार अशी लेखी विचारणा करणारे. त्याला अजून उत्तर आलेले नाही.